कूर्चेचा कित्ता

बळकटी म्हटली की पोलाद आणि काँक्रीट आठवावे, हे स्वाभाविकच आहे. उस्मानपुऱ्यातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याला विचारा. एम-२० प्रतीच्या काँक्रीटचा घन २८ दिवसांनी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅमचा भार सोसतो, हे तो चटकन सांगेल. आज ज्या पदार्थाविषयी बोलावयाचे आहे, त्यात शंभरांतील नव्वद भाग निव्वळ पाणी असते. आणि तरीही तो १७५ किलोग्रॅमपर्यंत टिकाव धरतो. अर्थात तो काँक्रीटसारखा ताठ राहत नाही, पुष्कळ दबतो. पण फुटत नाही.

घरी चायना ग्रासची जेली करतात, तिचा अनुभव निराळा. चमचा लावताच ती दुभंगते. लांबलांब रेणूंच्या एका जाळ्याने तिच्यातील पाणी अडवून धरलेले असते. कोठे बारीक चीर पडली, की सारा ताण चिरेच्या टोकाशी असलेल्या धाग्यांवर येतो. ते तुटतात, शेजारचे तुटतात, आणि चीर धावत सुटते.

आपल्या गुडघ्यातील कूर्चेतही वजनाने सुमारे सात दशांश भाग पाणीच असते. परंतु तेथे कामाची वाटणी आहे. कोलॅजेनचे चिवट तंतू ताण घेतात, तर त्यांच्यामध्ये कोंबलेले ऋणभारित रेणू पाणी खेचून धरतात व दाब पेलतात. दुर्दैवाने कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्यामुळे ती एकदा झिजली की सहसा भरून येत नाही. जिना चढताना घरोघरच्या वडीलधाऱ्यांना ह्याचा प्रत्यय येतो.

जपानातील होक्काइदो विद्यापीठात डॉ. जियान पिंग गोंग व त्यांचे सहकारी ह्यांनी २००३ साली कामाच्या वाटणीचा हाच कित्ता गिरविला. प्रथम ताठ पण ठिसूळ जाळे विणले, मग त्याच्या पोटात मऊ व लवचीक असे दुसरे. एकेकटे जाळे ४ किंवा ८ किलोग्रॅमला फुटे. दोन्ही मिळून १७५. चीर येऊ लागताच ठिसूळ जाळे आसपास असंख्य ठिकाणी तुटते, ताणाची शक्ती तेथेच खर्ची पडते, आणि मऊ जाळे तुकड्यांना सोडीत नाही. बळकटीसाठी मोडण्याची तजवीज आधीच करून ठेवावयाची, ही युक्ती मला तरी विलक्षण वाटते.

तथापि मोडलेले जाळे पुन्हा जुळत नाही, हे तिच्यातील व्यंग. दिवसाला ५,००० पावले चालणाऱ्याचा एकेक गुडघा वर्षाकाठी नऊ लाखांवर वेळा दबतो. तेव्हा एकदा भार पेलण्यापेक्षा न थकणे ही अधिक कठीण कसोटी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधनातून शायनी वर्गीस, आशिष लेले आणि रघुनाथ माशेलकर ह्यांनी धातूच्या आयनांच्या साहाय्याने कापलेली जेली पुन्हा सांधण्याची रीत दाखविली. ते काम २००६ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१९ मध्ये गोंग ह्यांच्या प्रयोगशाळेने तालमीत कमावलेल्या स्नायूंचा दाखला घेतला. ही जेली ताणली असता तुटलेल्या धाग्यांच्या टोकांशी भोवतालच्या द्रावणातील रेणू जुळू लागतात, नवे जाळे वाढते आणि ती पूर्वीहून बळकट होते. मात्र हा खुराक तिला द्रावणातूनच द्यावा लागतो. गुडघ्यात तो पोहोचविण्याची वाट अजून सापडावयाची आहे.