प्लाझ्मा वेल्डिंग मशीन घेताना आणि लावताना

तिरोडा-गोंदिया पट्ट्यात राइस मिलची दुरुस्ती, ग्रिल आणि शटर हे आपल्या वेल्डर बांधवांचे नेहमीचे काम. तिरोड्यात 2012 ते 2014 या काळात 660 मेगावॉटचे पाच वीजसंच सुरू झाले, तेव्हापासून मोठ्या कारखान्यांतील यंत्रांची नावे इकडेही रुळली. त्यात ‘प्लाझ्मा’ या नावाने फसगत होते. हवेच्या कंप्रेसरवर चालणारे स्वस्त प्लाझ्मा मशीन पत्रा कापते, जोडत नाही. ऑर्डर देण्यापूर्वी ‘वेल्डिंगचे की कटिंगचे?’ हे लिहून घ्यावे.

वेल्डिंगच्या टॉर्चमध्ये टंगस्टनचा दांडा तांब्याच्या नोझलच्या आत असतो. बारीक छिद्रातून आरगॉन जाताना आर्क दाबली जाते व सरळ, लांब पडते. बाहेरून दुसरा गॅस जोड झाकतो. पातळ स्टेनलेसच्या, एकसारख्या, वारंवार येणाऱ्या जोडासाठी हे मशीन उत्तम. ग्रिलसाठी मात्र आम्ही कोणालाही कर्ज काढून ते घ्या असे सांगणार नाही. तेथे साधे आर्क मशीन पुरते.

मशीन बसवताना अर्थिंग आधी, बाकी सर्व नंतर. टॉर्च थंड ठेवायला बोअरचे पाणी वापरू नये. क्षार नळ्या तुंबवतात आणि अशा पाण्यातून विजेची गळती होते. डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणी भरावे. नवशिक्या माणसाच्या हातून सर्वांत जास्त नोझलच जळतात. करंट वाढवला आणि आतला गॅस कमी राहिला, की आर्क नोझलवर उडी मारते व छिद्र वाकडे होते. म्हणून क्रम असा: पाणी, गॅस, पायलट आर्क, मग मुख्य आर्क.

डोळ्यांसाठी 20 ते 100 अँपियरला 10 नंबरची काच, त्यावर 12. टेरिकॉटचा कुर्ता अंगावर नको, सुती जाड कपडा हवा. आरगॉन हवेपेक्षा जड असतो. टाकीत किंवा खड्ड्यात तो साचून वासही न येता माणूस बेशुद्ध पडतो, तेव्हा बाहेर सोबती उभा हवाच. ट्रायक्लोरोइथिलीनने पुसलेला भाग पूर्ण वाळल्याशिवाय आर्क लावू नये. आर्कच्या किरणांनी त्या वाफेतून फॉसजीन नावाचा विषारी वायू तयार होतो.

काम संपल्यावर आधी आर्क बंद करावी, टंगस्टन काळा पडू नये म्हणून गॅस काही सेकंद चालू ठेवावा, पाणी आणखी काही मिनिटे. शेवटी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून सिलिंडर भिंतीला साखळीने उभा बांधावा.