६३७ बळी, कसोटी मात्र एकही नाही

नोव्हेंबर १९७४. बंगळूरच्या नव्या स्टेडियममधील हा पहिलाच कसोटी सामना. प्रतिस्पर्धी क्लाइव्ह लॉइड यांचा वेस्ट इंडीज संघ. शिस्तभंगाच्या कारणावरून बिशनसिंग बेदी यांना वगळण्यात आले होते आणि त्यांच्या जागी हरियाणाच्या राजिंदर गोयल यांना पाचारण झाले होते. तेही बेदींसारखेच डावखुरे फिरकी गोलंदाज. वय बत्तीस. रणजी करंडक स्पर्धेत सोळा वर्षे घाम गाळल्यानंतर भारतीय संघाचे दार प्रथमच किलकिले झाले होते.

परंतु अंतिम अकरा खेळाडूंत त्यांचे नाव नव्हते. प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे तिन्ही फिरकी गोलंदाज उजव्या हाताचे. त्यांच्यावरच निवडकर्त्यांनी भिस्त ठेवली. गोयल यांनी सामना सीमारेषेबाहेरून पाहिला. ग्रीनिजने ९३ आणि १०७, लॉइडने १६३ धावा काढल्या आणि भारताचा २६७ धावांनी पराभव झाला. त्याच सामन्यात महाराष्ट्राच्या हेमंत कानिटकरांनी पदार्पण करून ६५ धावा केल्या. त्यांचाही जन्म १९४२ चाच. एकाला उशिरा का होईना संधी मिळाली, दुसऱ्याला नाही. दिल्लीच्या पुढच्या कसोटीत बेदी परतले आणि ते दार पुन्हा मिटले ते कायमचेच.

गोयल यांचा जन्म २० सप्टेंबर १९४२ रोजी नरवाना या लहानशा गावी झाला. १९५८-५९ च्या हंगामात, सोळाव्या वर्षी, ते रणजी करंडक सामन्यांत उतरले. दक्षिण पंजाब, दिल्ली आणि १९७३-७४ पासून हरियाणा अशी त्यांची वाटचाल झाली. १९६४-६५ मध्ये सिलोनविरुद्ध एका अनधिकृत कसोटीत ते खेळले. पण सिलोनला तेव्हा कसोटी दर्जा नसल्याने तो सामना हिशेबात धरला जात नाही.

बेदी चेंडूला उंची देऊन फलंदाजाला मोहात पाडीत. गोयल यांची तऱ्हा निराळी होती. चेंडू किंचित वेगाने, सपाट मार्गाने टाकायचा आणि दिशा व टप्पा यांत तसूभरही ढिलाई ठेवायची नाही. पुढे सरसावून फटका मारण्यास फलंदाजाला उसंतच मिळत नसे. सुनील गावसकर यांनी आपल्या ‘आयडॉल्स’ या पुस्तकात ज्या मोजक्या भारतीय खेळाडूंना स्थान दिले, त्यांत कसोटी न खेळलेले दोन डावखुरे फिरकी गोलंदाज आहेत : मुंबईचे पद्माकर शिवलकर आणि हे राजिंदर गोयल. बेदींसारखा गोलंदाज संघात असताना दुसऱ्या डावखुऱ्याला जागा देणे कोणत्याही निवड समितीला कठीणच होते, हे मान्य करावे लागते. बंगळूरला मात्र बेदी नव्हते!

रणजी करंडकात गोयल यांचे ६३७ बळी आहेत, तेही सरासरी १७.१४ धावांत. हा विक्रम आजही अबाधित असून दुसऱ्या क्रमांकावरील वेंकटराघवन शंभराहून अधिक बळींनी मागे आहेत. या आकड्याचे खरे मोल जाणायचे तर त्या काळची स्पर्धापद्धती ध्यानात घ्यावी लागते. संघ आपापल्या विभागात साखळी सामने खेळत आणि त्यांतून निवडक संघच बाद फेरीत जात. मुंबईसारखा बलाढ्य संघ बहुधा अखेरपर्यंत टिके, त्यामुळे त्याच्या गोलंदाजांना सामने अधिक मिळत. हरियाणाचा हंगाम पुष्कळदा विभागातच आटोपे. भांडवल थोडे, खाते मात्र दरवर्षी जमेचे! प्रथम श्रेणीत १५७ सामन्यांत त्यांनी एकूण ७५० बळी घेतले आणि ५९ वेळा डावात पाच किंवा अधिक बळी मिळवले.

१९७५-७६ मध्ये कपिल देव नावाचा तरुण हरियाणा संघात आला. एका टोकाला तो वेगवान मुलगा आणि दुसऱ्या टोकाला पिकलेल्या अनुभवाचे गोयल, असे दृश्य मग अनेक हंगाम दिसत राहिले. १९८४-८५ अखेर, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ते निवृत्त झाले. पुढच्याच हंगामात हरियाणाने रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली. त्यांचे पुत्र नितीन हेही पुढे हरियाणाकडून खेळले.

२०१७ च्या मार्च महिन्यात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार गोयल आणि शिवलकर या दोघांना एकत्र प्रदान केला. तो सोहळा झाला बंगळूरमध्येच. २१ जून २०२० रोजी रोहतक येथे वयाच्या ७७ व्या वर्षी गोयल यांचे निधन झाले. मार्च २०२५ मध्ये शिवलकरही गेले.