नऊ वॅटचा उजेड

साधा बल्ब, सीएफएल की एलईडी? फ्लॅट शहरातला असो की घर गावाकडचं, थोडं गणित केलंत तर निवड सोपी आहे!

बल्ब घेताना तुम्ही काय बघता? किंमत? ब्रँड? की दुकानदार हातात ठेवेल तो? मोबाइल घेताना आपण दहा जणांना विचारतो आणि पुढची सात-आठ वर्षं डोक्यावर लटकणारी वस्तू मात्र दोन मिनिटांत उरकतो.

माझ्याकडे दोन घरांचे बल्ब आहेत. एक पुण्यातला वन बीएचके आणि दुसरं जालना जिल्ह्यातल्या मंठ्याचं घर, जिथं आई-बाबा राहतात. बाबांचा सवाल कायम एकच, "इतका महागाचा बल्ब कायला पाहिजे रे?" तर मंडळी, हे त्याचंच सविस्तर उत्तर!

आधी गणित

साठ वॅटचा साधा बल्ब जेवढा उजेड देतो, साधारण तेवढाच 14-15 वॅटचा सीएफएल देतो आणि 9 वॅटचा एलईडीही. रोज पाच तास धरले तर वर्षाला साधा बल्ब 110 युनिट खातो, सीएफएल 26 आणि एलईडी फक्त 16. युनिटला आठ रुपये धरा: 880, 208 आणि 128 रुपये! म्हणजे एलईडीची जास्तीची किंमत काही महिन्यांतच वसूल.

आयुष्याचंही तसंच. साधा बल्ब हजारेक तास चालतो, सीएफएल सहा ते आठ हजार, चांगला एलईडी पंधरा ते पंचवीस हजार. साध्या बल्बमध्ये गेलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णताच होते. उन्हाळ्यात ही शेकोटी कोणाला हवीय?

शिवाय महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटनंतरचा टप्पा बराच महाग आहे. समजा, वापर महिन्याला 125 युनिट. साठचे चार बल्ब काढून चार एलईडी लावले की महिन्याला 30 युनिट वाचतात. वाचतात ती बहुतेक वरच्या, महागड्या टप्प्यातली!

मंठ्याचा हिशेब वेगळा

शहरात बचत बिलात दिसते, गावात ती बॅटरीत दिसते. 2000च्या दशकात मराठवाड्यात लोडशेडिंगने दिवसाचे बारा-बारा तास खाल्ले, तेव्हापासून इन्व्हर्टर घरचाच सदस्य आहे. आता बॅटरीतून हजार वॅट-तास मिळतात असं धरा. साठचे चार बल्ब त्यावर चार तास चालतील. नऊ वॅटचे चार एलईडी? कागदावर सत्तावीस तास! इन्व्हर्टरची स्वतःची खादाडी वजा केली तरी रात्र आरामात निघते. ज्या घरात गुडघेदुखीवाले आई-बाबा रात्री उठून जिना उतरतात, तिथं हे तास पैशांपेक्षा मोलाचे.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. ते दहा टक्के उतरलं की साध्या बल्बचा उजेड तीसेक टक्के घटतो. संध्याकाळी कंदिलासारखा मिणमिणणारा पिवळा बल्ब आठवतोय ना? चांगल्या एलईडीतला ड्रायव्हर हा चढउतार सांभाळून घेतो. स्वस्तातल्या बिननावाच्या मालाकडून मात्र ही अपेक्षा नको.

सीएफएल आउट?

एकेकाळी सीएफएल म्हणजे एकदम हॉट होता. 2009च्या बचत लॅम्प योजनेत जुना बल्ब देऊन पंधरा रुपयांत सीएफएल मिळायचा. मग 5 जानेवारी 2015ला उजाला योजना आली, देशभरात 36 कोटींहून जास्त एलईडी वाटले गेले, किमती कोसळल्या आणि सीएफएल मागे पडला. घरात अजून असेल तर वापरा, पण बाथरूममध्ये नको. सारखी चालू-बंद केल्याने तो लवकर जातो. त्यात थोडा पाराही असतो. फुटला तर खिडक्या उघडा, झाडू न मारता तुकडे जाड कागदाने गोळा करा, ओल्या कापडाने पुसा आणि पिशवी बंद करून ई-कचऱ्यात द्या.

झिरोचा बल्ब झिरो नसतो!

रात्रभर जळणारा जुना 'झिरो' बल्ब प्रत्यक्षात 12 ते 15 वॅट घेतो. म्हणजे हॉलमधल्या एलईडीपेक्षा जास्त! आमच्याकडे पहिला निरोप त्यालाच दिला. त्याजागी अर्ध्या वॅटचा एलईडी मस्त चालतो. साध्या बल्बला आता एकच काम शोभतं: थंडीत कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायची.

खरेदीला जाताना

● वॅट नाही, लुमेन बघा. साठच्या बल्बच्या जागी 800च्या आसपास हवेत.
● बीआयएस नोंदणीची खूण, स्टार लेबल आणि वॉरंटी तपासा. बिल जपून ठेवा.
● बेडरूमला 2700-3000 केल्विनचा उबदार प्रकाश, ओट्यावर आणि अभ्यासाला पांढरा.
● गच्च बंद काचेच्या शेडमध्ये एलईडी तापतो आणि लवकर जातो. हवा खेळू द्या.
● ज्येष्ठांच्या खोलीत आणि जिन्यात काटकसर नको. वयाबरोबर डोळ्यांना जास्त उजेड लागतो.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवाच. आपल्या आधीच्या पिढीने बचत केली ती दिवे मालवून, अंधारात बसून. नऊ वॅटमध्ये लख्ख उजेड मिळत असेल तर त्यांनी तसं का बसायचं? पुढच्या वेळी गावी जाताना मिठाईसोबत चार बल्बही न्या!