अर्ध्या टक्क्याचे द्रावण

'विरल' हा शब्द वर्गात आपण बहुधा 'कमी धोक्याचे' एवढ्याच अर्थाने वापरतो. वैद्यकात मात्र द्रावण नेमके किती विरल हवे, यावर माणसांचे हातपाय आणि प्राण अवलंबून होते.

जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये ग्लासगो येथे, हाड मोडून कातडी फाटलेल्या जखमांवर कार्बोलिक आम्ल, म्हणजे फेनॉल, वापरले. जखमा चिघळण्याचे प्रमाण घटले. पण फेनॉल कातडीही भाजते. जंतू काय, आपल्या पेशी काय, प्रथिने दोघांतही आहेत. रसायनाला आपपरभाव कुठला?

पहिल्या महायुद्धात हा पेच तीव्र झाला. फ्रान्समधली खत घातलेली शेतजमीन सैनिकांच्या जखमांत शिरे आणि त्या सडत. तेथे काँपिएन्यच्या रुग्णालयात हेन्री डेकिन हे इंग्रज रसायनज्ञ शल्यविशारद अलेक्सिस कारेल यांच्याबरोबर काम करत होते. अनेक जंतुनाशके तपासून त्यांनी १९१५ मध्ये सोडियम हायपोक्लोराइट निवडले. प्रमाण ०.४५ ते ०.५ टक्के. त्याखाली जंतुनाशन अपुरे, त्यावर कातडीचा दाह.

मग ब्लीचमध्ये पाणी ओतले की झाले, असे एखादा चुणचुणीत विद्यार्थी म्हणेल. तसे होत नाही. ब्लीचमध्ये मोकळा अल्क असतो, आणि दहापट विरल करूनही त्याचा सामू साधारण एकानेच उतरतो. डेकिन यांनी तो अल्क बोरिक आम्लाने काढून टाकला, ही खरी किमया. (म्हणूनच घरचे ब्लीच पाणी घालूनही जखमेवर लावू नये.)

आणखी एक अडचण होती. जखमेतल्या पुवाशी आणि रक्ताशी अभिक्रिया होऊन हायपोक्लोराइट लवकर संपते. यावर तीव्रता वाढवणे हा सोपा, पण घातक उपाय. कारेल यांनी जखमेत भोके पाडलेल्या रबरी नळ्या बसवल्या आणि दर दोन तासांनी ताजे द्रावण सोडले. परिचारिकांचे कष्ट केवढे असतील! पुढे पेनिसिलीन आल्यावर ही पद्धत मागे पडली, तरी डेकिन यांचे द्रावण काही जखमांसाठी आजही वापरतात.

हे द्रावण ठेवल्या ठेवल्याही क्षीण होते, म्हणून त्याचे अनुमापन करावे लागे. ते आपल्यालाही शाळेत करता येईल. जुन्या आणि नव्या बाटलीतले ब्लीच सारखेच, भरपूर विरल करून घ्यावे. प्रत्येकाचा ठरावीक भाग भरपूर पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात घालावा आणि शेवटी थोडे विरल ॲसेटिक आम्ल. क्रम चुकवू नये, नाहीतर क्लोरीन वायू सुटेल. खिडक्याही उघड्या असाव्यात. मुक्त झालेले आयोडीन सोडियम थायोसल्फेटने मोजावे, अखेरीस स्टार्च घालून. निळा रंग जाईपर्यंत जुन्या बाटलीला थायोसल्फेट किती कमी लागते, ते मुलांनाच टिपू द्यावे.