जीव घाबरतो तेव्हा

बांधावर फुरसे दिसले, की छाती धडधडते, घाम फुटतो. असे का होते? आपल्या मूत्रपिंडांवर दोन लहान ग्रंथी असतात. त्या रक्तात एक रस सोडतात. त्याने हृदय जोरात चालते, श्वास वाढतो. शरीर पळायला तयार होते.

कधी कधी फुरसे नसतानाही शरीर असेच घाबरते. कुडाळच्या बाजारात, एस.टी.त किंवा रात्री झोपेत. दम लागतो. भराभर श्वास घेतल्याने बोटांना मुंग्या येतात. 'आता मी मरतो' असे वाटते. आमच्याकडे कोणी याला बाधा म्हणतात. पण ही बाधा नव्हे. बहुधा १० मिनिटांच्या आत हा जोर पुरा चढतो. मग भरतीच्या पाण्यासारखा ओसरतो.

अशा वेळी खाली बसा. ४ अंक मोजत नाकाने श्वास घ्या. ६ मोजत हळू सोडा. जवळच्या माणसाने गर्दी हटवावी, सोबत अंक मोजावेत.

मात्र आम्ही बजावून सांगतो. छातीत दुखले, तर आधी दवाखाना गाठा. हृदयविकारही असाच दिसतो. तपासणीत हृदय ठीक निघाले, तरी त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली. तिला पैसे पडत नाहीत. मराठीत बोला. त्यात लाज कसली?