शर्ट हट्टी, टीशर्ट लवचीक

एक सुती शर्ट आणि एक सुती टीशर्ट घ्या आणि दोन्ही आडवे ओढून पाहा. शर्ट ढिम्म हलणार नाही. टीशर्ट मात्र खुशाल रुंद होईल आणि सोडला की बराचसा पूर्ववत होईल. धागा दोघांतही कापसाचाच, मग ही लवचीकता आली कुठून?

भिंग आणा. शर्टात उभे धागे दिसतील, त्यांना म्हणायचं ताणा. त्यांच्या खालून-वरून जाणारे आडवे धागे म्हणजे बाणा. टीशर्टात असलं काही नाही. तिथे इंग्रजी व्ही अक्षरांच्या रांगाच रांगा! टीशर्ट उलटा केलात तर छोट्या छोट्या कमानी दिसतील. एका फासातून दुसरा फास, त्यातून तिसरा, अशी ती सगळी गुंफण असते.

आता कोडं सुटलं. शर्ट ओढला की ओढ थेट सरळ धाग्यांवर येते आणि सुती धागा फारसा लांबत नाही. टीशर्टातला धागाही लांबत नाही बरं का! त्याचे फास फक्त आडवे पसरतात. म्हणजे खुबी धाग्याच्या वाटेत आहे. पायमोजे असे फासांचे असतात ते याचसाठी, नाहीतर टाच आत शिरणार कशी? मोजे विणायचं यंत्र इंग्लंडमधल्या विल्यम लीने 1589 मध्येच बनवलं होतं.

पण थांबा, शर्टाच्या जातीचा साधा रुमाल समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना धरून तिरका ओढा. ताणला की नाही? धागे तेवढेच राहिले, पण त्यांच्यातले चौकोन शंकरपाळ्यांसारखे तिरपे झाले.

हे नुसतं वाचून भागायचं नाही. वहीच्या मागच्या पुठ्ठ्याचा तळहाताएवढा तुकडा कापा. वरच्या आणि खालच्या कडेला समोरासमोर नऊ-नऊ खाचा पाडा आणि त्यांतून दोरा वर-खाली ताणून बांधा. हा झाला ताणा. आता बोथट सुईत लोकर ओवून एका धाग्यावरून, पुढच्याखालून अशी न्या. परतताना बरोबर उलट करा, म्हणजे आधी जिथे वरून गेलात तिथे खालून. प्रत्येक ओळ जुन्या कंगव्याने खाली ठोका. हातमागावर हेच काम फणी करते आणि सुईच्या जागी धोटा धावतो. येवल्याचे पैठणी विणकर तर बाण्यात रंगीत धाग्यांच्या वेगवेगळ्या गुंड्या वापरतात. मोराचा रंग मोरापुरताच जाऊन मागे वळतो, म्हणून पदर उलट बाजूनेही देखणा दिसतो.

एक सावधगिरी बाळगा. लोकर खेचून घेतलीत तर तुकडा मध्येच आक्रसतो. म्हणून ओळ थोडी तिरकी, सैल टाका आणि मगच कंगवा मारा.

दुसऱ्या तऱ्हेच्या विणकामाला सुयाही नकोत, डाव्या हाताची चार बोटं पुरतात. लोकरीचं टोक अंगठ्याला अडकवा. तर्जनीच्या पुढून, मधल्या बोटाच्या मागून अशी करंगळीपर्यंत न्या, करंगळीला वळसा घालून तशीच परत आणा. असंच पुन्हा एकदा करा. आता प्रत्येक बोटावर दोन धागे असतील. खालचा धागा वरच्यावरून उचलून बोटामागे टाका. चारही बोटांवर एकेकच फास उरला की लोकर पुन्हा गुंडाळा आणि तेच करत राहा. थोड्या वेळाने हाताच्या मागे जाड दोरी लोंबायला लागेल. ती ओढून पाहा, मस्त ताणली जाते.

मध्येच जेवायला हाक आली तर चारही फास पेन्सिलीवर सरकवा. बोटं नुसती सोडवून घेतलीत तर फास मोकळे होऊन दोरी सरसर उसवेल आणि अडकवून ठेवलीत तर ताट कोण धरणार?