अपंग मतदाराचे मत कोणाचे?

अस्पृश्यांना मताधिकार हवा, ही मागणी बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे मांडली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरला. 'यांना काय कळते?' हा प्रश्न तेव्हा आपल्या बापजाद्यांविषयी विचारला जात होता. आज तोच प्रश्न आपल्याच वस्तीतल्या अंध, कर्णबधिर आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांविषयी विचारला जातो. आणि विचारणारे पुष्कळदा आपणच असतो.

सरकारने आता 'दिव्यांग' हा शब्द आणला आहे. 'हरिजन' म्हटल्याने अस्पृश्यता गेली नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. प्रश्न नावाचा नाही, हक्काचा आहे.

कायदा काय सांगतो? अपंगत्व हे मत नाकारण्याचे कारण नाही. मनाच्या अवस्थेवरून मत नाकारायचे तर सक्षम न्यायालयाने तसे जाहीर केलेले असावे लागते. केंद्राच्या दारात कोणी 'हा वेडा आहे' म्हटल्याने कोणाचा हक्क जात नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे कलम ११ सांगते की मतदान केंद्र अपंगांना सुगम असावे आणि निवडणुकीचे साहित्य त्यांना समजेल असे असावे. यंत्रावर बटनाशेजारी ब्रेल अंक असतात. ज्याला चिन्ह ओळखता येत नाही वा बटन दाबता येत नाही, त्याला १९६१ च्या निवडणूक नियमांतील ४९-न प्रमाणे सोबती नेता येतो. सोबती १८ वर्षांचा हवा, त्याने गुप्ततेची हमी दिली पाहिजे आणि त्या दिवशी तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो.

ही शेवटची अट कार्यकर्त्यांनी पाठ करावी. एकच पुढारी पाच अंध माणसांना हाताला धरून आत नेतो तेव्हा ती मदत नसते. पाच मतांची ती चोरी असते. सोबत्याने हात द्यायचा, मन मतदाराचेच राहिले पाहिजे.

म्हणून खरे काम मतदानाच्या दिवशीचे नाही, त्याआधीचे आहे. मतदार यादीतील अपंगत्वाची नोंद नमुना ८ भरून करून घ्यावी. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्याला लोकसभा-विधानसभेसाठी नमुना १२-ड देऊन घरून मत देता येते. मात्र अर्ज अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे अंध मतदाराला वाचून दाखवावीत. त्यांत खटले, मालमत्ता, शिक्षण लिहिलेले असते. प्रचारसभेत कर्णबधिरांसाठी खुणांची भाषा जाणणारा माणूस उभा करावा. ज्याला सावकाश समजते त्याला चिन्हे दाखवून सोप्या शब्दांत, पुन्हापुन्हा सांगावे. सगळ्या उमेदवारांचे सांगावे, केवळ आपल्या उमेदवाराचे नव्हे. नाहीतर आपण आणि तो पुढारी यांत फरक काय राहिला?

आपल्याला न आवडणारे मत त्याने दिले तरी ते त्याचे आहे. एवढे मान्य करता आले तरच 'एक व्यक्ती, एक मूल्य' हे शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला आहे.